पाहुण्यास आपले गाव दाखविणे : परिसर अभ्यासाचा एक पाठ

१. पाठाची आवश्यकता

"तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न तालुक्याच्या गावातील अथवा खेड्यातील मुलास विचारला असता बहुधा "काही नाही" असेच उत्तर मिळते. फार तर मूल एका देवळाचे नाव सांगते आणि लगेच माहूरचा गड, नांदेडचा गुरुद्वारा किंवा सहस्रकुंडचा धबधबा यांच्याकडे वळते. पाहण्यासारखे जे काही असते ते दुसऱ्या गावी असते, अशी त्याची समजूत झालेली असते. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण गावाच्या ज्ञानासही लागू पडते.

ही समजूत निरुपद्रवी नाही. ज्या मुलास आपल्या गावाविषयी चार वाक्ये नीट सांगता येत नाहीत, ते पुढे शिक्षणासाठी किंवा कामधंद्यासाठी नांदेड, पुणे, हैदराबाद येथे गेले म्हणजे गावाचे नाव घेताना संकोचते आणि "नांदेडजवळचे" एवढे म्हणून वेळ मारून नेते. गावाची माहिती असलेली वृद्ध माणसे कायम राहत नाहीत. ती गेल्यावर गावाविषयी कोणी काहीही सांगितले, तरी ते खरे की खोटे हे पारखणारा कोणी उरत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. मुलास पाहुणा द्यावा, आणि त्या पाहुण्यास गाव दाखविण्याचे काम मुलावर सोपवावे. एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती दुसऱ्यास दाखविता येणे यांत पुष्कळ अंतर आहे. विहीर कोठे आहे हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, आज तिचे पाणी कोण वापरते, असे पाहुण्याने विचारताच आपली माहिती कोठे संपते हे त्यास कळून येते. पुस्तकातील स्वाध्यायापेक्षा हे कळणे अधिक मोलाचे आहे.

ही कल्पना आपल्या शिक्षणपरंपरेस नवी नाही. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तीनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मांडलेल्या योजनेत हस्तोद्योग, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज ही शिक्षणाची केंद्रे मानली होती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी व पुढे कोसबाड येथे जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही होती. मुले जेथे असतील तेथे शाळेने जावे, हे तिचे सूत्र होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यानेही इयत्ता सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची शिफारस केली आहे. प्रस्तुत पाठ अशा दिवसांसाठी तसेच चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी उपयोगी पडेल. उदाहरणादाखल येथे हदगाव हे गाव घेतले आहे.

२. पाठाचे हेतू

(१) आपल्या गावाची जमीन, पाणी, इतिहास, भाषा व कामधंदे यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यास सांगता यावा.

(२) पाहिलेली, ऐकलेली व वाचलेली माहिती वेगळी ठेवण्याची सवय लागावी.

(३) पाहुण्याशी व गावातील वडीलधाऱ्यांशी आदराने बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा अभ्यास व्हावा.

(४) गाव म्हणजे गावातील सर्व वस्त्या आणि सर्व माणसे, ही जाणीव दृढ व्हावी. हा चौथा हेतू सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा राहून जातो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. पूर्वतयारी

पूर्वतयारीस एक आठवडा द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : 'मी पाहिले', 'मी ऐकले' आणि 'मी वाचले'. हदगावास दत्तबर्डीवर दत्ताचे देऊळ आहे, हे पहिल्या रकान्यात जाईल. त्या देवळाविषयी आजीने सांगितलेली कथा दुसऱ्या रकान्यात जाईल. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, हे तिसऱ्या रकान्यात जाईल. तिन्ही रकाने सारखेच मोलाचे आहेत. एका रकान्यातील गोष्ट दुसऱ्यात घालू नये, एवढेच पथ्य पाळावयाचे आहे. पाहुण्यास ऐकीव गोष्ट सांगताना "असे सांगतात" हे शब्द अवश्य जोडावेत.

पहिला पाहुणा शाळेतच मिळण्याजोगा आहे. आपल्यापैकी अनेक शिक्षक बदली होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेले असतात. शाळा, बसथांबा व खोली यांपलीकडचे गाव त्यांनाही ठाऊक नसते. अशा शिक्षकाने तसे मोकळेपणाने सांगावे आणि रंगीत तालीम म्हणून स्वतःस मुलांच्या हवाली करावे. ज्या गोष्टीत गुरुजींपेक्षा अथवा बाईंपेक्षा आपल्याला अधिक माहिती आहे, अशी गोष्ट सापडली म्हणजे वर्गात मागे बसणारे मूलही पुढे येते.

त्यानंतर खरा पाहुणा बोलवावा. हदगावच्या शाळांसाठी उत्तम पाहुणे पैनगंगेपलीकडचे, म्हणजे उमरखेडच्या बाजूच्या शाळेतील विद्यार्थी होत. अंतर थोडे आहे, भाषा मराठीच आहे. तथापि जिल्हा वेगळा, महसुली विभाग वेगळा आणि गेल्या शतकातील इतिहासही वेगळा आहे. सारखेपणा व वेगळेपणा या दोहोंचा अनुभव अशा भेटीत येतो. पुढील सत्रात परतभेट ठेवावी, म्हणजे यजमान व पाहुणा या दोन्ही भूमिका प्रत्येकास मिळतील.

४. दर्शनाचे टप्पे

*पहिला टप्पा : उंचवटा.* गाव दाखविण्यास प्रारंभ उंचावरून करावा. हदगावास त्यासाठी दत्तबर्डी आहे. 'बर्डी' म्हणजे लहान टेकडी; नागपूरच्या सीताबर्डीतही हाच शब्द आहे. येथे उभे राहून विद्यार्थ्यांनी पाहुण्यास दिशा सांगाव्यात : उत्तरेस पैनगंगा व तिच्यापलीकडे उमरखेड, ईशान्येस माहूर, पूर्वेच्या अंगास हिमायतनगर, दक्षिणेस तामसा, नैर्ऋत्येस नांदेड आणि पश्चिमेच्या अंगास हिंगोली. श्रीदत्तांचे निद्रास्थान माहूर, अशी श्रद्धा महाराष्ट्रात रूढ आहे. ते माहूर याच जिल्ह्यात असल्याने या भागात दत्तभक्तीचा प्रसार का झाला असावा, यावर विद्यार्थ्यांनी विचार करावा. श्रद्धेची गोष्ट श्रद्धा म्हणूनच सांगावी. तिची थट्टाही करू नये आणि ती इतिहास म्हणूनही मांडू नये.

*दुसरा टप्पा : काळी आणि पांढरी.* आपले पूर्वज गावाचे दोन भाग मानीत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पाहुण्यास दोन्हींची माती हातात घ्यावयास द्यावी. काळी माती ओली करून गोळा केल्यास तो चिकट होतो व वाळला म्हणजे तडकतो. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांचे कारण हेच आहे : ही माती पाण्याने फुगते व सुकल्यावर आकसते. ती ज्या काळ्या कातळापासून झाली, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. ओल धरून ठेवण्याच्या तिच्या गुणामुळे या भागात कापूस रुजला. अलीकडे त्याच जमिनीत सोयाबीन व हळद यांचे क्षेत्र वाढले आहे. पांढरीच्या मातीने जुन्या घरांच्या भिंती बांधल्या गेल्या व माळवदे घातली गेली. एखादे माळवदाचे घर शिल्लक असेल, तर घरमालकाच्या अनुमतीने ते आतून दाखवावे. बाहेर कडक ऊन असताना आत गारवा का असतो, याचे उत्तर भिंतीची जाडी मोजून विद्यार्थ्यांनीच काढावे.

*तिसरा टप्पा : नदी.* पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते. हिंगोलीकडून येणारी कयाधू तिला मिळते. याच कयाधूच्या काठी संत नामदेवांचे नरसी हे गाव आहे. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला ते नांदेड आपल्या जिल्ह्याचे ठाणे आहे. एका लहान नदीचे नाव घेताच पंजाबपर्यंतचा धागा कसा हाती येतो, हे नकाशावर दाखवावे. त्याच नकाशावर पैनगंगेचा पुढील मार्ग बोटाने रेखावा. ती वर्धा नदीस मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. म्हणजे नांदेडजवळून जाणारी गोदावरी आणि हदगावजवळून जाणारी पैनगंगा या एकाच जिल्ह्यातील दोन नद्या निरनिराळ्या वाटांनी जाऊन दूरवर एकत्र येतात. पैनगंगेवरील ईसापूर धरणाचे पाणी यवतमाळ, हिंगोली व नांदेड या तीन जिल्ह्यांच्या उपयोगी पडते, हेही येथेच सांगावे.

*चौथा टप्पा : पूर्वीची सरहद्द.* हा टप्पा नदीपलीकडील पाहुण्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. तेव्हापासून पैनगंगेच्या एका तीरावर निजामाचा अंमल आणि दुसऱ्या तीरावर इंग्रजांचा अंमल अशी स्थिती झाली. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे इंग्रजी रुपया. अलीकडे कचेरीची भाषा उर्दू होती, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीबाहेर शिबिरे चालविली. त्यांपैकी एक उमरखेड येथे होते. रझाकारांच्या जुलमामुळे अनेक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रय घेतला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. हिमायतनगर येथील महाविद्यालयास हुतात्मा जयवंतराव पाटील यांचे नाव आहे. ते नाव का दिले, हे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून यावे. तथापि मुक्तीनंतरही दोन्ही तीर लगेच एका राज्यात आले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हदगाव हैदराबाद राज्यात आणि उमरखेड मध्यप्रदेशात होते. त्या दिवशी दोन्ही गावे द्विभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात. आज मोटारीने काही मिनिटांत ओलांडला जाणारा पूल पाहुण्यास दाखविताना हे सांगितले, म्हणजे पुलाचा अर्थ त्यास कळेल.

हा इतिहास सांगताना एक काळजी घ्यावी. तो राजवटीच्या व तिच्या जुलमाविरुद्ध झालेल्या लढ्याचा इतिहास आहे. वर्गातील कोणत्याही धर्माच्या मुलाने त्याचे ओझे वाहावयाचे नाही. स्टेट काँग्रेसच्या लढ्याच्या काळातच हैदराबाद येथे शोएबुल्ला खान या तरुण पत्रकाराने रझाकारांविरुद्ध लिहिले आणि त्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये आपले प्राण दिले, हे अवश्य सांगावे.

*पाचवा टप्पा : नावे आणि शब्द.* गावांच्या नावांत इतिहास साठविलेला असतो. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. निवघा या गावास निवघा बाजार म्हणतात, त्यावरून तेथे काय भरत असावे हे उघड आहे. जुन्या कागदांत जिल्ह्याच्या प्रमुखास 'अव्वल तालुकदार' म्हटलेले आढळते आणि सालही फसली असते. निजाम राज्यातील फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. घरी जमिनीचा जुना कागद असेल, तर पालकांच्या समक्ष त्यावरील साल मुलाने काढून पाहावे. गणिताचा याहून जिवंत पाठ मिळणे कठीण. बोलीकडेही लक्ष द्यावे. पाहुणा 'मले, तुले' म्हणेल तर त्यास हसू नये. आपले कोणते शब्द त्यास नवे वाटले, हे विचारावे. तांड्यावरील मुलाने गोरमाटीतील, उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलाने उर्दूतील आणि तेलुगू नातेवाईक असलेल्या मुलाने तेलुगूतील 'या, बसा, पाणी घ्या' हे शब्द सांगावेत. पाहुण्याचे स्वागत इतक्या भाषांत करता येणारे गाव सामान्य नव्हे.

*सहावा टप्पा : मोंढा, बाजार आणि कारागीर.* बाजारात मालाची यादी करण्याऐवजी एकाच वस्तूचा माग काढावा. हळकुंड घ्यावे : ते कोणत्या शेतातून आले, कधी उकडले, किती दिवस वाळविले, घासून पिवळे कोणी केले आणि येथून कोठे जाईल? कारागिराकडे जाताना आधी त्याची सवड विचारावी. लोहाराच्या भात्याची जागा आज वेल्डिंगच्या दुकानाने घेतली असेल; वखर व तिफण यांच्याबरोबर ट्रॅक्टरची अवजारेही तेथे दुरुस्त होत असतील. जे आहे ते दाखवावे. "पूर्वीचे सर्व चांगले होते आणि आता काही उरले नाही" असा सूर लावणे हा पाहुण्यावर आणि आजच्या कारागिरावरही अन्याय आहे.

५. मार्ग कोणता घ्यावा?

वरील सहा टप्पे ठरल्यावर विद्यार्थ्यांकडून मार्गाचा नकाशा काढून घ्यावा. हाच या पाठाचा गाभा होय, आणि येथेच शिक्षकाने विशेष जागरूक राहावे.

मुलांनी सहजपणे काढलेला नकाशा पाहिला तर बहुधा असे दिसते, की त्यात मुख्य रस्ता, देऊळ, कचेरी, बाजार आणि दोनचार मोठे वाडे असतात. काही वस्त्या त्यात नसतातच. तांडा नसतो, कडेची वस्ती नसते, मजुरांची घरे नसतात. मुलांच्या मनात दुष्टावा असतो असे नाही. पाहुण्यास चांगले तेवढे दाखवावे, ही घरोघरची शिकवण असते. परंतु त्या न दाखविलेल्या वस्तीतील मूल त्याच वर्गात बसलेले असते. पाहुण्यास दाखविण्याजोग्या गावात आपले घर येत नाही, हे त्यास कोणी न सांगता कळते. वर्गात समतेवर दहा पाठ घेतले, तरी त्या एका नकाशाने दिलेला धडा पुसला जात नाही.

यास्तव नियम असा ठेवावा : मार्ग प्रत्येक वस्तीतून गेला पाहिजे आणि प्रत्येक वस्तीत त्या वस्तीतील मूल मार्गदर्शक झाले पाहिजे. तेथे पाहुण्यास काय दाखवावयाचे, हेही त्याच मुलाने ठरवावे. दारिद्र्याचे प्रदर्शन करू नये; वस्तीतील लोकांचे ज्ञान व कौशल्य दिसले पाहिजे. तांड्यावरील जुने कशिदाकाम, दगड फोडणाऱ्याची कातळाची पारख, ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांना ठाऊक असलेले दूरचे मुलूख, बुद्धविहारातील ग्रंथ, दर्ग्याचा उरूस, यांपैकी जे ज्या गावी असेल ते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. नकाशावर व बोलण्यात नवीच नावे वापरावीत.

मार्गात किती सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण इंदूरचे आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले व पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्याआधी होळकरांच्या इंदूर शहराचा अभ्यास करीत असताना त्यांनी दिवाळीनिमित्त एक मिरवणूक योजिली. तिचा मार्ग नेहमीचा ठेवला नाही. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील त्या रस्त्यांनी ती जाईल, असे जाहीर केले. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात गल्लोगल्ली साफसफाई व डागडुजी सुरू झाली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे प्रत्येकास वाटते. पाहुणाही आपल्या दारी यावा, असे प्रत्येक मुलास वाटते. ही इच्छा ओळखून मार्ग आखणे, एवढेच शिक्षकाच्या हाती आहे. परंतु ते थोडे नाही.

आपल्या तालुक्यातच याचा एक वस्तुपाठ आहे. तामसा येथील बारालिंग महादेवाच्या देवस्थानात मकरसंक्रांतीनंतर करीच्या निमित्ताने भाजी-भाकरीची पंगत होते. भाकरी भाविक आपापल्या घरून आणतात आणि मिसळीची भाजी तेथे एकत्र शिजते. कोणाची भाकरी कोणाच्या पानात पडली, हे विचारले जात नाही. गावदर्शनाच्या दिवशीचे दुपारचे भोजनही याच पद्धतीने करावे : प्रत्येक मुलाने घरून शक्य तेवढी भाकरी आणावी, त्या सर्व एका टोपलीत ठेवाव्यात आणि पाहुण्यांसह सर्वांनी एका पंगतीत बसावे.

६. संभाषणाचा नमुना

संभाषण पाठ करवून घेऊ नये. पुढील नमुना केवळ दिशा दाखविण्यासाठी आहे.

पाहुणा : ही टेकडी तुमच्या गावाएवढी जुनी आहे का?

यजमान : नाही रे, टेकडी फार जुनी. हा काळा दगड कोट्यवधी वर्षांचा आहे, असे आम्ही पुस्तकात वाचले. देऊळ माणसांनी पुढे बांधले.

पाहुणा : देऊळ कोणी बांधले?

यजमान : ते मला ठाऊक नाही. चल, तिथे आजोबा बसलेत, त्यांना विचारू. आजोबा, हा माझा मित्र उमरखेडहून आलाय. हे देऊळ कोणी बांधले ते तुम्ही सांगाल का?

येथे "मला ठाऊक नाही" हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. शिक्षकाने त्याचे कौतुक करावे. पाहुण्यापुढे मान राखण्यासाठी रचून सांगितलेली माहिती पाहुण्याच्या गावी जाऊन खरी म्हणून सांगितली जाते, हे मुलांना समजावून द्यावे.

७. पाहुण्याचे काम

पाहुण्याने केवळ ऐकावयाचे नाही. त्याने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, यजमानास नित्याची वाटणारी परंतु आपणास नवी वाटलेली एक वस्तू नोंदवावी. दुसरी, आपल्या गावाशी सारखेपणा असलेली एक गोष्ट शोधावी. तिसरी, परत गेल्यावर आठ दिवसांत यजमान मित्रास पत्र लिहावे. ते पत्र साध्या पोस्टकार्डावर, स्वतःच्या हस्ताक्षरात असावे. त्यात आभाराबरोबर एक प्रश्न अवश्य असावा, म्हणजे यजमानास उत्तर लिहावे लागेल आणि उत्तरासाठी पुन्हा कोणाकडे तरी जाऊन विचारावे लागेल. भाषाविषयातील पत्रलेखन काल्पनिक काकांना व मामांना उद्देशून होत असते. येथे पत्र वाचणारा खरा माणूस आहे.

८. दक्षता

(१) नदी, विहीर, धरण व कालवा यांच्या काठी शिक्षक पुढे व मागे असल्याशिवाय विद्यार्थ्यांस नेऊ नये. पावसाळ्यात नदीचा टप्पा दुरूनच दाखवावा.

(२) महामार्ग ओलांडताना रांग करावी व शक्यतो मार्ग आतील रस्त्यांनी आखावा.

(३) पालकांची लेखी संमती व मुख्याध्यापकांची अनुमती आधी घ्यावी.

(४) कोणाच्याही घरी, देवस्थानी वा दुकानात विचारल्याशिवाय शिरू नये व छायाचित्र काढू नये.

(५) पाणी, टोपी व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. उन्हाळ्यात दर्शन सकाळी दहापूर्वी आटोपावे.

(६) चालण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्यास मागे ठेवू नये. त्याच्या सोयीने मार्ग लहान करावा.

९. मूल्यमापन

लेखी परीक्षा घेऊ नये. पुढील बाबी पाहाव्यात : विद्यार्थ्याने पाहिले, ऐकले व वाचले यांत भेद राखला काय? ठाऊक नसलेले ठाऊक नाही असे सांगितले काय? वडीलधाऱ्यांशी बोलताना आदर राखला काय? नकाशात स्वतःच्या घराबरोबर वर्गातील प्रत्येक सोबत्याची वस्ती आली काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येईपर्यंत नकाशा पुन्हा काढावा.

सर्व वह्यांतील मजकूर एकत्र करून शाळेत 'आमचे गाव' नावाची एक हस्तलिखित वही ठेवावी. दरवर्षी नव्या वर्गाने तीत भर घालावी आणि चुकलेले दुरुस्त करावे. दुरुस्ती करताना जुना मजकूर खोडून न टाकता शेजारी नवा लिहावा व तारीख घालावी.

१०. अन्य गावांतील शिक्षकांसाठी

प्रत्येक गावी दत्तबर्डी नसेल किंवा सरहद्दीची नदी नसेल. तरीही एखादा उंचवटा, काळी आणि पांढरी, पाण्याची एक वाट, एक जुने नाव, एक हातोटीचे काम आणि एक सामाईक जेवण प्रत्येक गावी असतेच. मनाठा, तामसा, निवघा अथवा कोणत्याही वाडीतांड्यावरील एकशिक्षकी शाळेनेही याच क्रमाने आपला मार्ग आखावा. पाहुणे म्हणून दुसरी शाळा मिळाली नाही, तर शेजारच्या वाडीतील मुले, सासरहून माहेरी आलेली ताई किंवा शहरातून सुटीसाठी आलेली भावंडे चालतील.

या सत्रात प्रत्येक शाळेने निदान एक गावदर्शन घडवावे, विद्यार्थ्यांनी काढलेला मार्गाचा नकाशा केंद्रसंमेलनात आणावा आणि त्यात प्रथम कोणती वस्ती राहून गेली होती व ती कशी समाविष्ट केली, एवढे इतर शिक्षकांस सांगावे.